टाकी, नळी आणि एक घोट

एका रविवारी सकाळी दवाखान्यात फोन आला. माझ्या एका जुन्या रुग्णाच्या पत्नी बोलत होत्या. वय वर्षे ६८ असलेले हे गृहस्थ आपल्या लाडक्या स्कूटरची गंजलेली टाकी घरीच बदलावयास बसले होते. टाकीतले पेट्रोल काढण्यासाठी त्यांनी नळी तोंडाला लावून ओढले आणि एक घोट आत गेला. "डॉक्टर, मिठाचं पाणी देऊन उलटी करवू का?" बाईंनी विचारले. "मुळीच नको," मी म्हणालो. तेवढे बरोबर सांगितले. पुढे विचारले, "पोटात किती गेले?" "अगदी थोडं," असे उत्तर आले आणि मी निर्धास्त झालो. "त्रास वाटला तर संध्याकाळी या," असे सांगून फोन ठेवला.

माझा प्रश्नच चुकला होता. विचारायला हवे होते ते हे, की "ठसका लागला होता का?"

संध्याकाळी ते आले तेव्हा अंगात ताप होता, श्वास उथळ आणि जलद चालला होता, ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्क्यांवर उतरले होते. ठसका सकाळीच लागला होता. चांगला दहा मिनिटे. रुग्णालयात ऑक्सिजनवर पाच दिवस काढून ते सुखरूप घरी परतले. परंतु त्या दिवशीचे सहा-सात तास मी वाया घालविले, हे मला विसरता येत नाही.

वाचकहो, पेट्रोलचा खरा धोका पोटाला कमी आणि फुप्फुसाला अधिक असतो. हा द्रव अतिशय पातळ असल्यामुळे ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरलेले काही थेंबही फुप्फुसात दूरवर पसरतात, तेथील नाजूक आवरणाला इजा करतात आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. उलटी करविली, तर तेच पेट्रोल वर येताना फुप्फुसात शिरण्याची दुसरी संधी साधते. म्हणून मीठपाणी, घशात बोटे घालणे, दूध किंवा तूप पाजणे, यांपैकी काहीही करू नये.

ठसका, खोकला, धाप किंवा गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या तासात ऑक्सिजनचे प्रमाण उत्तम दिसेल, पहिला एक्स-रेही स्वच्छ येईल. त्यावर विसंबू नये. किमान सहा तास वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. ज्यांना पक्षाघात किंवा कंपवात झाला आहे, त्यांची ठसक्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते. अशांच्या बाबतीत ठसका न लागणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानू नये.

दुसरा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. देवघरातील निरांजन, डासांची कॉईल, इन्व्हर्टर, विजेचे बटण, यांपैकी काहीही त्यास पुरेसे होते. रिकामी टाकी निर्धोक वाटते, परंतु तिच्यात वाफ भरलेली असते. तिला घरी डाग देण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. त्यातच वयोमानाने घ्राणशक्ती क्षीण होते. आजोबांना वास येत नाही, याचा अर्थ वास नाही असा होत नाही.

म्हणून काही पथ्ये सांगतो.

१. पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये. टाकी रिकामी करणे आणि बदलणे गॅरेजमध्येच करवून घ्यावे. तेथे नेण्यापूर्वी पेट्रोल भरू नये. टाकी जितकी रिकामी, तितके ते काम सोपे.

२. काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. तहानलेले नातवंड किंवा रात्री चष्म्याविना उठलेली आजी ती तोंडाला लावू शकते.

३. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे त्वरित उतरवावेत व त्वचा साबणपाण्याने धुवावी. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे.

४. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. भाजल्यास जखमेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये.

आता काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. रुग्णालयातून परतल्यावर त्या गृहस्थांना मुलाने बरेच बोल लावले. "पाचशे रुपयांसाठी जीव धोक्यात घातलात!" ते गप्प राहिले. नंतर मला एकट्याला म्हणाले, "डॉक्टर, पैशाचं नव्हतं हो. घरात माझं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं."

हे वाक्य मी जपून ठेवले आहे. वडीलधाऱ्यांच्या हातून पाना काढून घेणे सोपे असते. त्या रिकाम्या हातांना दुसरे काम देणे अवघड. टाकी गॅरेजमध्ये बदलली जाऊ द्या, परंतु योग्य माप पाहून ती निवडणे, मिस्त्रीशेजारी उभे राहून काम नीट करवून घेणे, स्कूटर पुसून लख्ख ठेवणे, हा मान त्यांच्याकडेच राहू द्या.

त्यांच्या स्कूटरला आता नवी टाकी आहे. परवा ते तीवरूनच तपासणीला आले. मी आधी त्यांची छाती तपासली आणि मग खाली येऊन स्कूटरही पाहिली.