फोन नवा, मालकी जुनीच

‘आमच्या आईला नवा फोन काही जमत नाही हो!’ हे वाक्य आपल्या घरांत हल्ली लाडानं बोललं जातं. मला या लाडाची चीड येते. शंभर पानांच्या पंगतीचा अंदाज जिनं कागद-पेन्सिलीशिवाय बांधला, तिला हातभर नव्हे, वीतभर काच जमत नाही? जमत नाही, की जमू दिली जात नाही?

बटणांच्या फोनचं गणित सरळ होतं. हिरवं बटण घ्यायला, लाल ठेवायला. पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा, त्यामुळे चष्मा नसला तरी अंगठा बरोबर आकडा शोधायचा. नव्यात फोन आला की काच कधी वर ढकला, कधी बाजूला. कणकेचा ओला हात तर काचेला कळतच नाही. आणि बोटाच्या ठशानं म्हणे कुलूप उघडतं! भांडी घासून घासून जिच्या बोटांच्या रेघा पुसट झाल्या, तिला तो ओळखतच नाही. दोष मात्र तिचाच.

सुभाष रोडवर मी फोन घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार सगळं मुलालाच विचारत होता. वर म्हणाला, ‘अम्मारिगे इष्ट साक्री.’ बाईंना एवढा पुरे! पैसे माझे, आणि पुरे हे ठरवणार तो? दुकानातच फोन इंग्रजीत सुरू झाला, खातं मुलाच्या नावावर, पासवर्ड मुलाच्या डोक्यात. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या धारवाडच्या बाईच्या हातात इंग्रजी फोन!

भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर आपल्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, असा नियम केंद्र सरकारनं २०१६ सालीच काढला. मराठी त्यात आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदलायला दोन मिनिटं पुरतात. अक्षरं मोठी करायची सोय तिथेच. बाजूचं बटण दाबून बोलणं संपवायची सोयही पुष्कळ फोनांत असते. हे आईला कुणी दाखवत नाही, कारण ‘दे इकडे, मी करून देतो’ म्हणणं सोपं जातं.

तक्रार केली की अपरिग्रह आठवतो. वा! मुलाकडे दोन फोन, मनगटावरच्या घड्याळातही फोन, आणि अपरिग्रह पाळायचा आईनं. कुणाला जुनाच फोन आवडत असेल तर तिनं खुशाल ठेवावा. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये सुरू केली आहे. पण ते तिनं ठरवावं, घरानं नव्हे.

तेव्हा भगिनींनो, जुन्या फोनातले नंबर आधी वहीत उतरवून घ्या, मगच तो हातचा सोडा. भाषा बदलून मागू नका, बदलायची कशी ते विचारा, आणि दोनदा विचारायला लाजू नका. कुलपाचा आकडा आपला आपण टाका. नातवाच्या वाढदिवसाची तारीख तेवढी नको, ती सगळ्या घराला ठाऊक असते.