चोर सोडून लिनक्सला फाशी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरातल्या धारूरसारख्या तालुक्याच्या गावी असा लॅपटॉप लगेच भंगारात जात नाही. त्यावर पीकविम्याचे अर्ज भरायचे असतात, सातबारे काढायचे असतात, पोरांच्या शिष्यवृत्तीची कागदं चढवायची असतात. मग कुणीतरी धाडस करून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकतं आणि पंधरा दिवसांत निकाल येतो: ‘लिनक्सवर कीबोर्ड चालत नाही. परत विंडोज टाका.’

हा निकाल इतक्या वेळा ऐकू येतो की तो खराच वाटायला लागतो. पण त्यात निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. एकाची बटणं मुळीच उठत नाहीत. दुसऱ्याची उठतात, पण भलतंच उमटतं. तिसऱ्याचं इंग्रजी ठीक आहे, मराठी येत नाही. तीन रोग, तीन ठिकाणचे, आणि औषध मात्र एकच! त्याहून महाग औषध म्हणजे कीबोर्ड बदलणं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पाटीला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. तो एकटा निघत नाही, अख्खी पाटी बदलावी लागते. तो भाग गावात मिळाला नाही की अंबाजोगाई नाहीतर बीड गाठायचं. आणि इतकं करून दोष दुसरीकडेच निघाला तर?

विहिरीवरची मोटर पाणी उचलेना म्हणून कुणी शेतकरी थेट नवी मोटर आणत नाही. आधी फेज बघतो, मग स्टार्टर, मग फुटव्हॉल्व्ह. लॅपटॉपच्या बटणापासून पडद्यावरच्या अक्षरापर्यंत असेच टप्पे असतात आणि लिनक्सवर प्रत्येक टप्पा उघडून बघता येतो. ‘इव्हटेस्ट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकारानं चालवायचा, यादीतून कीबोर्ड निवडायचा आणि ‘जे’चं बटण दाबायचं. पडद्यावर ३६ हा आकडा येतो. त्यापुढे दाबताना १, सोडताना ० आणि दाबून धरलं तर २, २, २ अशी रांग. भाषा इंग्रजी असो की मराठी, ३६ बदलत नाही, कारण इथं अजून अक्षर जन्मालाच आलेलं नाही; फक्त कुठलं बटण दाबलं एवढीच नोंद आहे. ३६ आला आणि तरी हवं ते अक्षर उमटलं नाही, तर बटण निर्दोष. चोर वरच्या मजल्यावर आहे. ३६ आलाच नाही, तर लॅपटॉप बंद करून बायॉसच्या पडद्यावर जावं. तिथंही बटण मेलेलं असेल तर ते लिनक्स सुरू होण्याआधीच मेलेलं आहे. हात न लावता २, २, २ वाहत असेल तर बटणाखाली धूळ नाहीतर सांडलेला चहा.

दुसरी तक्रार भलतंच उमटण्याची. तिची चौकशी केली की बहुतेकदा अगदी क्षुल्लक कारण सापडतं. वेगळा आकड्यांचा कप्पा नसलेल्या अनेक लहान लॅपटॉपांत नमलॉक चालू झालं की ‘जे, के, एल’ची बटणं १, २, ३ देतात आणि ‘यू, आय, ओ’ची ४, ५, ६. पासवर्ड इंग्रजीत ‘किरण’ असेल तर पहिली दोन अक्षरं जाऊन तिथं २५ पडतं. पडद्यावर मात्र नुसते ठिपके. माणूस पाच वेळा तोच पासवर्ड घालतो आणि यंत्रणेला शिव्या देतो. त्याचा जुळा भाऊ म्हणजे लॉगिनच्या पडद्यावर मराठी मांडणी आधीच निवडलेली असणं. तिथं हेच ‘किरण’ ठोकलं तर क, ग, दीर्घ वेलांटी, ओकार आणि ल अशी खिचडी होते. ठिपक्यांआड तीही दिसत नाही. उपाय कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवर एक टिचकी.

याहून फसवा प्रकार ‘स्लो कीज’चा. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ही सोय आहे: बटण काही काळ दाबून धरलं तरच ते मोजायचं. लिनक्सच्या ज्या डेस्कटॉपांवर ती कीबोर्डवरून चालू होऊ शकते, तिथं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की पुरे. ‘काय लिहावं’ असा विचार करत कुणाचं बोट शिफ्टवर रेंगाळलं की त्यानंतर भराभर मारलेली एकही टिचकी उमटत नाही. कीबोर्ड गेला! पण विंडोजवरही उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की ‘फिल्टर कीज’ डोकं वर काढतं, फक्त आधी विचारतं. नमलॉकचा घोळही दोन्हीकडे सारखाच होतो. विंडोजवर त्याला ‘सेटिंग बिघडली’ म्हणतात, लिनक्सवर ‘लिनक्स बेकार’. नव्या सुनेच्या वाट्याला येणारा हा न्याय आहे.

मात्र लिनक्सच्या भक्तांनी इथं फार खूश होऊ नये. ‘अडचण असते ती वापरणाऱ्यातच’ हे त्यांचं पालुपदही तितकंच खोटं आहे. २०२२ च्या सुमारास बाजारात आलेल्या काही लॅपटॉपांवर, विशेषतः एएमडी रायझन ६००० च्या आणि आसुस व्हिवोबुकच्या काही मॉडेलांवर, लिनक्स चढवलं की अंगचा कीबोर्ड खरोखरच मरत असे. बायॉसमध्ये चालायचा, बूटच्या यादीत चालायचा आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू झाला की ठप्प. यूएसबीचा कीबोर्ड जोडला तर तो मात्र चालायचा. खूण इथंच होती. अनेक लॅपटॉपांचा अंगचा कीबोर्ड यूएसबीवर नसतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या क्रमांक एकच्या इंटरप्ट वाहिनीवर तो असतो. ही वाहिनी कोणत्या संकेताला ‘बटण दाबलं’ समजायचं, हे बायॉसमधलं कोष्टक सांगतं. त्या यंत्रांवर कर्नल कोष्टकातली खूण बाजूला सारून जुन्या रिवाजानं ती उलटी वाचत होता. दोष सर्वस्वी लिनक्सच्या बाजूचा होता असं नाही, पण कीबोर्ड बंद पडायचा लिनक्सवरच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे काय झालं ते बोलकं आहे. कर्नलमध्ये दुरुस्ती आली. एका सरसकट दुरुस्तीनं दुसरी काही यंत्रं बिघडली, २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारावी लागली, आणि आज कर्नलच्या मूळ संहितेत अपवादाच्या मॉडेलांची नावानिशी यादी आहे. कुणाही वापरकर्त्याला ती वाचता येते, आपलं मॉडेल त्यात नसेल तर कळवता येतं. दुकानदारानं यातून एवढंच घ्यावं की अशा लॅपटॉपवर जुना कर्नल ठेवून कीबोर्ड बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाची माती करणं. नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न बसवता तीच यंत्रणा चालवून बघितली की दहा मिनिटांत खरं-खोटं होतं.

आता मराठीचं. ‘लिनक्सवर मराठी येत नाही’ हा आरोप तर पार उलटा आहे. इनस्क्रिप्ट ही मांडणी कुणा कंपनीची नव्हे. ती भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये नोंदलेली आहे, विंडोजवर आहे, लिनक्सवरही आहे. ‘धारूर’ लिहायला शिफ्ट-ओ, ई, जे, टी, जे, दोन्हीकडे तेच. लिनक्सवर तर तिला वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. सेटिंगमध्ये कीबोर्ड मांडणी जोडली की झालं. ज्यांना उच्चाराप्रमाणे लिहायचंय त्यांच्यासाठी त्याच यादीत ‘मराठी कगप’ आहे. रोमन अक्षरांतून मराठी घडवायची असेल तरच आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखा मध्यस्थ लागतो, आणि खऱ्या अडचणी तिथं आहेत. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकच्या खोक्यात बंद केलेल्या काही प्रोग्रामांना हा मध्यस्थ दिसत नाही. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर, वेलँड ही पडद्याची नवी व्यवस्था असेल तर, तो वेगळा निवडून द्यावा लागतो. नोम डेस्कटॉपवर आयबस आधीच जोडलेला असतो. इनस्क्रिप्ट शिकलेल्याला यातलं काहीच आडवं येत नाही, आणि म्हणून तालुक्याच्या टायपिंग क्लासांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

एक तक्रार वरचेवर येते ती ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दाची. नुसता ‘र’, मग पाय मोडायची खूण आणि ‘य’ असं ठोकलं की ‘य’वर रफार चढून बसतो. मग म्हणतात, लिनक्सचा फॉन्ट फुटतो. फॉन्ट फुटत नाही. मराठीच्या आडव्या रेफाला शिफ्ट-जे लागतं: आधी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण. युनिकोडचा हा नियम यंत्रणा बदलली तरी बदलत नाही. बीड जिल्ह्यात हा शब्द दिवसातून शेकडो वेळा टाईप होत असेल, त्यामुळे हे तीन ठोके क्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेले बरे.

‘पण शाळा-कचेऱ्यांत हे चालणार आहे का?’ असं विचारणाऱ्यांनी केरळकडे पाहावं. तिथं २००१ मध्ये सुरू झालेला आयटी@स्कूल हा उपक्रम २०१७ पासून ‘काइट’ या नावानं चालतो. सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवरच संगणक शिकतात आणि मलयाळम इनस्क्रिप्टमध्ये टाईप करतात. तिथल्या कीबोर्डांत वेगळी जादू नाही. बिघाड आला तर तो कुठं शोधायचा हे जाणणारे शिक्षक मात्र तयार केलेले आहेत.

राहिला एक प्रांत, जिथं विंडोजवाल्यांचं म्हणणं मान्य करावंच लागतं: छपाई. लग्नपत्रिका, गावजत्रेची पत्रकं, निवडणुकीचे जाहीरनामे अजूनही पुष्कळ ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत बनतात. या पद्धतीत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून ती फाईल फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर उघडली की नुसता इंग्रजी कचरा दिसतो. याचा कीबोर्डाशी काडीचा संबंध नाही, तरी बिल त्याच्याच नावावर फाटतं. जुन्या फाईली युनिकोडमध्ये फिरवून घेता येतात, पण प्रत्येक फाईल डोळ्यांखालून घालावी लागते आणि जोडाक्षरं हातानं सुधारावी लागतात. धारूरच्या एखाद्या छपाईवाल्याकडे असा दहा-पंधरा वर्षांचा साठा असेल तर त्यानं विंडोज १० चं एक यंत्र इंटरनेटपासून तोडून तेवढ्या कामाला ठेवावं आणि काउंटरवरच्या अर्ज भरायच्या लॅपटॉपावर लिनक्स टाकावं.