'मौजमजेसाठी'

"मौजमजेसाठी दुचाकी चोरणारे गजाआड." ही हेडिंग नांदेड-लातूरच्या पेपरांत तुम्हीही वाचली असणार. मला त्यातल्या चोरीपेक्षा 'मौजमजा' या शब्दाचाच जास्त राग येतो. पोरांनी गाडी उचलली, पेट्रोल संपेपर्यंत पळवली, कुठेतरी सोडून दिली. मग कुणीतरी म्हणणारच, "वय आहे हो, विकली थोडीच!"

विकली नाही म्हणजे चोरी नाही?? इंग्लंडात चोरीसाठी वस्तू कायमची हिरावण्याचा इरादा लागतो, म्हणून तिथे १९६८ च्या कायद्यात असल्या फिरवाफिरवीसाठी वेगळं कलम घातलंय. आपल्याकडे ती पळवाट नाही. १९५२ मध्ये जोधपूरला हवाई दलाच्या अकादमीतल्या दोन तरुणांनी विनापरवानगी विमान उडवलं आणि थेट पाकिस्तानात उतरवलं. (विमान! आपली पोरं अजून स्प्लेंडरवरच आहेत.) १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चोरीच ठरवली, भले विमान तात्पुरतं नेलेलं असो.

आणि गाडी कुणाची असते? गंजगोलाईतल्या दुकानात कामाला असणाऱ्या एखाद्याची. हप्ते चालू. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे चोरीचा एक पैसा मिळत नाही. गाडी सापडली तरी ती मुद्देमाल! कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सुटेपर्यंत पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन खात उभी. तोवर हा बाबा कामावर कसा जातो, हे कुठल्या बातमीत येतं?

आता आपल्या घरातलं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. अॅक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या गुन्ह्यासाठी पालकाला ३ वर्षं कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. तरी ट्यूशनबाहेर गाड्यांची रांग बघा. बापाची किल्ली न विचारता घ्यायची सवय लागली, की शेजाऱ्याची गाडी किती लांब?

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शने दोघांचा जीव घेतला. ती गाडी चोरीची नव्हती, घरचीच होती. ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला तेव्हा आपण सगळे पेटलो, कारण गेलेले दोघं आपल्यासारखेच आयटीवाले होते. आणि त्याच दिवाळीत गावाकडे दहावीतल्या भाच्याला "जा रे, दूध घेऊन ये" म्हणत किल्ली दिली ती कुणी? मामानेच ना?