उसने की भाग?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात उधारीवर माल देणारा व्यापारी वजन, भाव आणि मुदत लिहून घेतल्याविना गाडी सोडत नाही. तोच व्यापारी घरातील तरुणाच्या नव्या कंपनीत रक्कम घालताना मात्र ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून कागदच करीत नाही.

परिचयातील एका कुटुंबात काकांनी पुतण्याला वीस लाख रुपये दिले. पोलादाची मागणी नोंदवणारे अ‍ॅप त्याला काढायचे होते. दोन वर्षांत पैसे संपले, ग्राहक जमले नाहीत. काकांनी रक्कम मागितली, तेव्हा तो म्हणाला, “काका, तुम्ही तर भागीदार होतात, तोटाही दोघांचाच.” काकांच्या मनात ती रक्कम उसनी होती. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत होते. यंदा संवत्सरीला ‘मिच्छा मि दुक्कडं’चा संदेश मोबाइलवर आला, पुतण्या आला नाही.

उसनवारीत मुद्दल परत मागण्याचा हक्क असतो. कंपनी कितीही वाढली तरी ठरल्या व्याजापलीकडे काही मिळत नाही. समभागात वाढीचा वाटा मिळतो. कंपनी बुडाली तर मुद्दलही जाते. नफ्यात भागीदार आणि तोट्यात सावकार, अशी दुहेरी भूमिका कोणालाच घेता येणार नाही.

दुसऱ्याच्या ज्ञानाशी आपली पत जोडण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीने. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्या कंपनीचे नाव ‘फाटक-वालचंद’ असे होते. पुढे १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिची कोंडी केली. दोन वर्षांत पैसे परत मागणाऱ्यांच्या बळावर असा धंदा तगला नसता.

म्हणून रक्कम देण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : रक्कम कर्ज आहे की समभाग, समभाग असल्यास कंपनीचे मूल्य काय धरले, हिशेब दर तिमाहीस दाखवला जाईल का, आणि संस्थापक मध्येच सोडून गेला तर त्याच्या भागाचे काय. पुढे मोठा गुंतवणूकदार आला, तर आपला टक्का घटेल आणि कंपनी विकल्यास बहुधा त्याचे पैसे आधी फिटतील, हेही समजून घ्यावे. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ‘एंजल टॅक्स’ रद्द केला, त्यामुळे कराचा एक अडसर दूर झाला. करारपत्राची गरज मात्र तितकीच आहे.

तरुणांनीही वाईट बातमी आधी सांगावी. तोटा पचवणारी वडील माणसे आपल्या घरांत पुष्कळ आहेत. तो इतरांकडून कळला, की त्यांना लागते.

कागद केल्याने नात्यावरचा विश्वास उणा होत नाही. त्या काका-पुतण्यांकडे एक पानाचा करार असता, तर वीस लाख कदाचित गेलेच असते. संवत्सरीला पुतण्या मात्र घरी आला असता.