मोतीबिंदूनंतरचे धुके आणि आपले कर्तव्य

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महिने लोटले तरी सकाळी उठल्यावर सारे धुक्यात दिसे, दुपारपर्यंत थोडे निवळे. घरचे म्हणत, "आता वयच झाले." आम्हाला हे पटत नाही, म्हणून हे चार शब्द.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५०० पेशी. पडद्यात झिरपणारे पाणी त्या सतत बाहेर काढतात. गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये काही पेशी जातातच. बहुतेकांना उरलेल्या पुरतात. पण ज्यांच्या आधीच कमी आहेत, किंवा ज्यांनी "पिकू द्या" म्हणत मोतीबिंदू कठीण होऊ दिला, त्यांना धोका अधिक. सुरुवातीची सूज पुष्कळदा औषधाने उतरते. न उतरल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

पूर्वी सगळा कॉर्निया बदलून टाके घालीत. नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी १९९८ पासून फक्त आतला भाग बदलण्याच्या पद्धती पुढे आणल्या. आता लहानशा छेदातून नवा थर आत सोडतात आणि हवेच्या बुडबुड्याने जागी बसवतात. रुग्णाने काही काळ छताकडे पाहत उताणे पडून राहायचे.

पण हा थर बाजारात मिळत नाही. तो कुणाच्या तरी नेत्रदानातूनच येतो. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात आपण उत्साहाने फॉर्म भरतो. पुढे फॉर्म कपाटात राहतो, घरी कुणाला ठाऊक नसते, आणि मृत्यूनंतरचे मोलाचे सहा तास निघून जातात. आमच्या मते फॉर्मपेक्षा घरच्यांशी झालेले बोलणे महत्त्वाचे, कारण त्या वेळी फोन घरच्यांनीच करायचा असतो. पापण्या मिटवाव्या, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा. नेत्रपेढीचे लोक घरी येतात; चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले म्हणून नेत्रदान अडत नाही.

विद्यार्थ्यांनो, या आठवड्याचा गृहपाठ एवढाच : आजी-आजोबांशी, आई-बाबांशी या विषयावर बोला आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा.

बाईंना कुणा अनोळखी घराने तो थर दिला. त्या आता पुन्हा पोथी वाचतात.