कर्णबधिरांचे हक्क: कायद्यात आहेत, खिडकीवर कधी?

गंगाखेड स्थानकावर गाडीची घोषणा झाली की प्रवासी लगबगीने पुढे सरकतात. ज्याला ऐकूच येत नाही, तो इतरांच्या चेहऱ्यांकडे बघत राहतो. अंध व्यक्तीची काठी दिसते, बहिरेपण दिसत नाही. म्हणूनच ते व्यवस्थेच्या नजरेतून सुटते. 2011 च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक श्रवणदोष असलेल्यांची नोंद झाली होती.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार दोन्ही कानांत 70 डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर, तर 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ऐकू कमी येणारी मानली जाते. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का जागा या गटासाठी आहेत. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

लाभ कसा मिळतो?
'स्वावलंबन' पोर्टलवर वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज करायचा, मग वैद्यकीय तपासणीला जायचे. केंद्राच्या 'एडिप' योजनेत उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र मिळते, लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठीही मदत होते. रेल्वेची सवलत मात्र ऐकू आणि बोलू, दोन्ही न येणाऱ्यांनाच आहे. केवळ बहिरेपण असलेला प्रवासी त्यातून वगळला जातो.

उशीर का महागात पडतो?
'मामाही उशिराच बोलायला लागला होता,' असे म्हणत घरचे वाट पाहतात. पण भाषा रुजण्याची पहिली वर्षे परत येत नाहीत. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा जगभरचा मान्य निकष आहे. चाचणी, प्रमाणपत्र आणि यंत्रासाठी मजुरी बुडवून परभणीच्या खेपा माराव्या लागल्या, तर हा निकष गाठणार कसा?

गावात काय करता येईल?
राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. नगर परिषदेने त्यातून तालुक्यातच श्रवणतपासणी शिबिरे घ्यावीत. दवाखाना, तहसील आणि बसस्थानकात पुकाऱ्याऐवजी क्रमांक दाखवणारे फलक लागावेत. व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेचा दुभाषी जोडून देणेही आता अवघड नाही.

यातले काहीच उपकार म्हणून मागितलेले नाही. नाव पुकारले गेले आणि ऐकू आले नाही, एवढ्यावरून कुणाचा नंबर हुकू नये.