मोटारसायकलीची साडेसाती

वाहन वरचेवर बिघडू लागले म्हणजे माणूस प्रथम वाहनाला दोष देतो, नंतर कारागिराला, आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणजे ग्रहांना. या तिसऱ्या पायरीवर येऊन उभा राहिलेला एक तरुण आम्हांस २०२४ च्या मे महिन्यात भोपाळ येथे भेटला. मुलगा आपल्याच वसईकडचा. नोकरीनिमित्त चार वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि अवजड विद्युत कारखान्यासाठी वसविलेल्या पिपलानी वसाहतीच्या आसपास खोली घेऊन राहू लागला. आम्ही काही कामासाठी आठवडाभर त्या शहरी होतो. पहिल्याच सायंकाळी तो भेटावयास आला, तो पायी.

“गाडी कोठे आहे?” आम्ही विचारले.

“आहे, फादर. पण तिचे नाव काढू नका.”

नाव काढू नका म्हणणाऱ्याला त्याच विषयावर पुष्कळ बोलावयाचे असते, हा आमचा जुना अनुभव आहे. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर चाळीस दिवसांचा हिशेब तारीखवार मांडलेला. मागच्या चाकाची चार पंक्चरे, एक नवी ट्यूब, क्लचची तार दोनदा तुटलेली, साखळी बदललेली. त्याआधी दोन महिन्यांपूर्वी पुढचे टायर नवे घातलेले, आणि त्याला आताच बारीक भेगा दिसू लागलेल्या. कामावर तीन वेळा उशीर झाला होता आणि एका दिवसाचा पगार कापला गेला होता. एका सहकाऱ्याने लिंबू-मिरची बांधण्याचा सल्ला दिला. घरमालकाने गाडीच्या क्रमांकातील आकड्यांची बेरीज आठ भरते, आणि आठ हा शनीचा आकडा, असा शोध लावला. गावाकडून आजीने फोनवर मेणबत्ती लावण्यास सांगितले.

“तुम्हीच आशीर्वाद दिला होता ना गाडीला?” तो थोडा चाचरत म्हणाला.

येथे आमची पंचाईत झाली. गाडी घेतली तेव्हा ती चर्चच्या अंगणात आणून आमच्याच हातून तिच्यावर आशीर्वाद मागण्यात आला होता, ही गोष्ट खरी. परंतु आशीर्वाद हा गाडीवर बसणाऱ्याच्या रक्षणासाठी मागावयाचा असतो. चाकात हवा किती आहे हे पाहण्याचे काम तो मागणाऱ्याकडेच राहते.

असो. खरी बातमी त्याने शेवटी सांगितली. गाडी विकली होती. जवळच्या खेड्यातून वसाहतीत दूध घालणाऱ्या एका माणसाने ती बत्तीस हजारांस घेण्याचे कबूल केले होते आणि पाच हजार विसार दिला होता. दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकवून तो पहाटे चारला निघणार, आणि सणासुदीला त्याच गाडीवर बायकोपोरांना घेऊन जाणार.

“त्याला हा कागद दाखविलास का?”

“त्यात दाखविण्यासारखे काय आहे, फादर? गाडीत दोष नाही. माझे नशीबच फुटके. ते काही गाडीबरोबर त्याच्याकडे जाणार नाही.”

हे उत्तर आमच्या मनात घोळत राहिले. ‘दुर्दैव’ हा शब्द किती सोयीचा आहे, हे आम्हांस त्या रात्री प्रथमच इतके स्पष्ट दिसले. बिघाडाला कारण असेल तर ते शोधावे लागते, आणि विकताना घेणाऱ्यास सांगावे लागते. दुर्दैव असेल तर दोन्ही चुकते. पण आम्ही त्याला त्या वेळी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी त्याच गाडीवर सांचीला जाण्याचे ठरविले. सांची भोपाळपासून पंचेचाळीस-शेचाळीस किलोमीटरवर. “आता आज तर मागचे चाक नक्की बसणार,” असे तो निघताना म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडासा आनंदही होता की काय, न कळे.

मे महिन्यातील माळव्याच्या पठारावरील ऊन ज्यांनी अनुभविलेले नाही त्यांस ते सांगून समजणार नाही. सूखी सेवनिया मागे पडले. पुढे दिवाणगंजच्या परिसरात कर्कवृत्त हा रस्ता ओलांडते. तेथे खूण केलेली आहे, आणि येणारे-जाणारे थांबून छायाचित्रे काढतात. शाळेच्या भूगोलात तुटक रेघेने काढलेले ते वृत्त पायांखाली असल्याचे पाहून आम्हांसही लहान मुलासारखी मौज वाटली. तेथून जेमतेम अर्धा कोस गेलो असू, तोच मागचे चाक डगमगू लागले. पाचवे पंक्चर.

गाडी ढकलीत एका झाडाखालच्या दुकानाशी आणली. दुकान म्हणजे खांबाला टांगलेले जुने टायर, हवेचा पंप आणि पत्र्याच्या घमेल्यात पाणी. पांढऱ्या दाढीचे एक उस्ताद बाजेवर बसले होते. आमचा तरुण नेहमीप्रमाणे म्हणाला, “चाचा, जरा जल्दी.” आणि लिहावयास संकोच वाटतो, पण सूर्यास्तानंतर सांचीचे स्तूप पाहता येत नाहीत हे मनात असल्याने आम्हीही घड्याळाकडे पाहून तोच शब्द उच्चारला.

उस्तादांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “मियां, पंक्चर पाँच मिनट का काम है. वजह ढूँढने में पंद्रह लगेंगे. क्या करना है?”

आधीच्या चार वेळी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. किंवा आमच्या तरुणाच्या घाईने कोणाला विचारू दिला नव्हता.

पुढील पंधरा मिनिटे आम्ही त्या मनुष्याच्या हातांकडे पाहत बसलो. गाडी तारेच्या चाकांची. अशा चाकाच्या कड्याला प्रत्येक तारेसाठी भोक असते, तेथून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब ठेवावीच लागते. आणि ट्यूबला छिद्र पडले की हवा पाहता पाहता जाते. ट्यूबविरहित टायरात खिळा घुसला तरी पुष्कळदा तोच छिद्र अडवून धरतो. उस्तादांनी चाक काढले. टायर पुरते उतरविले नाही, एकच कड लोखंडी पट्ट्यांनी उचलून ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून घमेल्यात बुडविली. बुडबुडे आले तेथे बोट ठेवले. आता कानस मारून ते सोल्युशन, ज्यास आपल्याकडे ‘सुलोचन’ हे सुंदर नाव पडले आहे, लावतील असे वाटले. परंतु त्यांनी ट्यूब मांडीवर घेऊन जुनी ठिगळे न्याहाळण्यास आरंभ केला.

छिद्र ट्यूबच्या आतल्या अंगास, म्हणजे कड्याकडे असेल तर अपराधी चाकाची तार. शेजारी-शेजारी दोन छिद्रे असतील तर हवा कमी ठेवल्याने किंवा टायर बसविताना ट्यूब चिमटली गेली. बाहेरच्या अंगास असेल तर काटाखिळा रस्त्याचा. येथे तिन्ही जखमा, दोन जुन्या व एक ताजी, बाहेरच्या अंगास, आणि तिन्ही चार बोटांच्या अंतरात होत्या. त्यांनी ट्यूबचे तोंड चाकाच्या भोकाशी जुळवून ती टायरावर धरली आणि समोरच्या जागी खडूने खूण केली. मग कापसाचा बोळा घेऊन तो टायराच्या आतून त्या खुणेवरून फिरविला. बोट फिरविले नाही, कारण बोट कापते. बोळ्याचे तंतू एके ठिकाणी अडकले.

पक्कडीने त्यांनी जे बाहेर काढले ते आमच्या डोळ्यांस प्रथम दिसलेच नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान, केसासारखी पोलादी तार. ट्रकची टायरे पोलादी तारांवर घडविलेली असतात. ती रस्त्यावर फुटली म्हणजे अशी कुसळे सर्वत्र सांडतात. कुसळ टायरात रुतून बसले होते. मनुष्याचा भार पडून टायर दबे तेव्हाच ते आत डोके काढी आणि ट्यूबला टोची. भार गेला की पुन्हा दडे. प्रत्येक कारागिराने ट्यूब सांधली, एकाने ती बदलली, आणि प्रत्येक ट्यूब त्याच कुसळावर नेऊन बसविण्यात आली. चाळीस दिवसांची साडेसाती उस्तादांच्या तळहातावर होती.

रबराचा इतिहास तरी काय निराळा आहे? कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने कर्जापायी तुरुंग भोगला, परंतु १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांनी ते टिकाऊ होते हे शोधून काढले. १८६० मध्ये तो वारला तेव्हाही त्याच्या डोक्यावर कर्ज होतेच. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट टॉमसनने १८४५ मध्ये घेतले. जग ते विसरून गेले. १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली आणि नाव त्यांचे झाले. खऱ्या अर्थाने दुर्दैवी म्हणावयाचे तर टॉमसनला म्हणावे.

उस्ताद उठता उठता पुढच्या चाकाशी बसले. टायराच्या कुशीवरील धूळ पुसून त्यांनी एका लंबगोल चौकटीतील चार आकडे दाखविले : २३१८. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हे ‘नवे’ टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात घडविलेले, सहा वर्षांचे. वापरलेले नव्हते हे खरे. परंतु रबर न वापरताही ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी म्हातारे होते, कडक पडते, भेगाळते. “आगे का टायर है,” उस्ताद म्हणाले, “ये फटा तो सँभलने का मौका नहीं देगा.” वाचकहो, आपल्या घरी दुचाकी असेल तर हे चार आकडे आजच पाहून घ्यावेत. टायर विकत घेताना तर दुकानातच पाहावेत. स्वस्त मिळाले म्हणजे का स्वस्त मिळाले ते तेथे लिहिलेले असते.

क्लचच्या तारेचे कोडेही जाता जाता उलगडले. टाकीखाली ती वाकडी नेऊन दाबली गेली होती. दोन्ही वेळा तेथेच झिजून तुटली. साखळीविषयी मात्र उस्तादांनी दोष गाडीकडे ठेवला नाही. तेल किती दिवसांनी घालतोस, एवढेच विचारले. उत्तर आले नाही.

सांचीला पोहोचलो तेव्हा दार बंद होण्याच्या बेतात होते. अशोकाच्या काळी आरंभिलेला तो महान स्तूप आम्ही धावतपळत पाहिला. परतताना तरुण मुकाट होता. दिवाणगंज मागे पडल्यावर तो मान किंचित मागे वळवून म्हणाला, “फादर, दूधवाल्याला सांगावे लागेल, नाही?” आम्ही उत्तर दिले नाही. वाऱ्यात ऐकू आले नाही असे दाखविले.

पुढच्या शनिवारी, आमची परतीची गाडी सुटण्याच्या दिवशी सकाळी, दूधवाला उरलेले पैसे घेऊन आला. तरुणाने तो चाळीस दिवसांचा कागद त्याच्यापुढे ठेवला, कुसळाची हकीकत सांगितली, पुढचे टायर बदलल्यावाचून गाडी चालवू नये असे बजावले आणि टायराची किंमत व्यवहारातून कमी केली. विसार परत हवा असेल तर तोही देऊ केला. दूधवाल्यास वाचता येत नव्हते. कागद त्याने उलटसुलट करून परत दिला.

“वो चार नंबर कहाँ होते हैं?” त्याने विचारले. मग तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, खांद्यावरचा गमछा काढून टायर पुसू लागला, आणि तरुण त्याच्या शेजारी बसून एकेक आकडा बोटाने दाखवू लागला.